दुरुस्तीसाठी थांबलेल्या शिडाच्या बोटीवरील वीज

त्रिनिदादमधील शॅग्वारामस बंदर चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने अनेक शिडाच्या बोटी तेथे दुरुस्तीसाठी येतात, आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत बोटीवरच मुक्काम करावा लागतो. इंजिन उघडलेले असले की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्रही बंद असते. अशा वेळी दिवे विझवून फारसे साधत नाही, कारण उष्ण हवेत सर्वाधिक वीज फ्रिजच खातो. त्यातील रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी. 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी मोजताना आधी सर्व भार व चार्जिंग बंद करून तिला काही तास विसावू द्यावे. 12.7 व्होल्टच्या आसपास ती पूर्ण भरलेली असते, 12.2 ला साधारण निम्मी. त्याखाली वारंवार उतरल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. बंदराच्या धक्क्यावरून केबलने घेतलेली वीज सोयीची खरी, परंतु तिच्या अर्थिंगच्या तारेतून आपली बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते व बोटीचे इतर धातूचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारे पाण्याखालील जस्ताचे ठोकळे लवकर संपू शकतात. म्हणून अर्थिंगच्या तारेतील हा झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला नसेल, तर बॅटऱ्या भरताच केबल काढून ठेवावी आणि ठोकळे अधूनमधून पाण्यात उतरून तपासावेत. निम्मे झिजलेले ठोकळे बदलण्याजोगे समजावेत.