आपली दिवाळी शोधायला केळकर संग्रहालयात

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायचं, ही आमच्या घरची पद्धत. आधी मुलीला नेत होते, आता नातवाला नेते. इतक्या खेपांनंतर माझं पहिलं सांगणं हे की सगळं बघायला जाऊ नका. संग्रह 20 हजारांवर वस्तूंचा आहे. मांडलेला भाग त्यातला थोडाच, पण तोही एका दिवसात उरकू म्हटलं तर तिसऱ्या दालनात मुलं "घरी कधी जायचं?" विचारायला लागतात. त्यापेक्षा आपली दिवाळी शोधायला जा. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत घरात ज्या ज्या वस्तूला हात लागतो, तिची पणजी इथे कुठे बसली आहे तेवढंच बघायचं.

मी भाऊबीज उलटल्यानंतरचा, शाळा सुरू व्हायच्या आधीचा एखादा दिवस धरते. सणात कोणत्या दिवशी बंद आहे ते आधी फोन करून विचारा. गाडी नेऊ नका. बाजीराव रस्त्यावर ती लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. मंडईच्या मेट्रो स्थानकावर उतरून नातूबागेपर्यंत चालत या.

चालता चालता मुलांना केळकरांची गोष्ट सांगा. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. जुन्या वस्तू गोळा करायचा नाद त्यांना 1920 च्या सुमारास लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे कुठली पदवी नव्हे, त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं ते नाव. 1975 साली हे सगळं त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. हे माहीत असलं की मुलं आत वेगळ्या नजरेनं शिरतात, हा माझा अनुभव आहे.

आत गेल्यावर दिवे शोधा, आणि तिथे वेळ घाला. अर्धा तास सहज द्या. प्रत्येक दिव्यापुढे मी नातवाला तीनच प्रश्न विचारते: तेल कुठे ओतायचं, वात कुठे ठेवायची, धरायचं कुठे? समईला धरायचं काही नसतं, कारण ती जागची हलवायची नसते. म्हणून तिची बैठक रुंद आणि जड. लामणदिवा साखळीनं टांगायचा, म्हणजे उजेड वरून पडतो आणि रांगतं मूल तिथवर पोचत नाही. आरतीच्या दिव्याला मूठ हवीच. हे एकदा ध्यानात आलं की वरचे मोर, हंस, हत्ती आपोआप दिसू लागतात आणि ते घडवणाऱ्या कारागिराचा हात कळतो. काचेवर चमक येत असेल तर समोरून नका बघू, जरा कडेला सरका.

मग अभ्यंगस्नान. वज्री नावाची वस्तू आजच्या मुलांनी पाहिलेलीच नसते. टाचा घासायची ती, खालून खरखरीत आणि वरून नक्षीची. पाय घासायच्या वस्तूवर एवढी कलाकुसर कुणी का केली असेल, हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि उत्तर सांगायची घाई करू नका. माझ्या मुलीनं सातव्या वर्षी उत्तर दिलं होतं, "रोज हातात घ्यायची ना, म्हणून." मला अजून याहून बरं उत्तर सुचलेलं नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंपुढे आजीला बोलू द्या. शेवयांचा साचा दिसला की चकलीच्या सोऱ्याची आठवण निघतेच. सोंगट्यांपाशी पाडव्याची गोष्ट सांगा: बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही म्हणतात, आणि त्या दिवशी घरोघरी सारीपाट मांडायची रीत होती. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल दिवाळीच्या वाटेवर येत नाही. तो पुढच्या खेपेला ठेवा.

एक वही आणि पेन्सिल मात्र जवळ असू द्या. फोटो काढायला परवानगी असली तरी आधी चित्र काढायला लावा. चित्र काढताना दिव्याला चोची किती ते मोजावं लागतं, फोटोत ते मोजलं जात नाही. दोन तास झाले की निघा, मुलं थकायच्या आधी.

घरी आल्यावर आपली समई खाली काढा. मळसूत्र फिरवून तिचे भाग सुटे करा आणि चिंच लावून मुलांनाच घासायला द्या. गेल्या वर्षी घासता घासता नातवाला तळाशी कोरलेली अक्षरं सापडली. माझ्या सासूबाईंच्या आईचं नाव होतं ते. चाळीस वर्षं ती समई मी रोज पुसते, पण कधी उलटी करून पाहिली नव्हती.