डायलिसिस आणि हिपॅटायटिस सी : मशीनवर संशय, हातांकडे दुर्लक्ष

डायलिसिसवरच्या पेशंटचा हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की घरचे आधी मशीनला दोष देतात. पण रक्त फिरतं ते नळ्यांतून आणि डायलायझर म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमधून, आणि डायलायझरचा पडदा शाबूत असेल तर हा विषाणू सहसा पलीकडे जात नाही. त्यामुळे सी साठी वेगळ्या मशीनचा आग्रह केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही धरत नाहीत. हिपॅटायटिस बी ची गोष्ट निराळी. तिथे वेगळी खोली आणि वेगळं मशीन हवंच.

लक्ष ठेवायचं ते हातांवर. टेक्निशियन एकाच्या फिस्टुलातली (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीतली) सुई काढत असतो, शेजारचा अलार्म वाजतो, आणि तो तेच ग्लोव्हज घालून तिथलं बटण दाबतो. किंवा रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिनची एकच बाटली ट्रेमधून खाटेखाटेला फिरते. प्रत्येकाचं औषध वेगळ्या स्वच्छ जागी भरून आणायला हवं. दोन शिफ्टच्या मधे खुर्चीचे हात नीट पुसले जातात का, तेही बघा. वाळलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक दिवस तग धरतो. 'ग्लोव्हज बदलता का?' असं विचारण्यात कसला संकोच?

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्यातली. यकृताच्या तपासणीतला 'एसजीपीटी नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होऊ नका, डायलिसिसवर तो आकडा मुळातच खाली राहतो. विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, काहींच्या रक्तात त्या दिसतही नाहीत. शंका असेल तर रक्तात थेट विषाणू शोधणारी आरएनए पीसीआर तपासणी करून घ्या. डायलिसिस सुरू करताना, सेंटर बदलताना आणि मग दर 6 महिन्यांनी तपासणी हवीच. लग्नकार्यासाठी गावी जाऊन तिथे डायलिसिस घेतलं असेल, तर परतल्यावर आपल्या सेंटरला सांगा.

जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या धास्तीने उपचार टाळणारे अजून भेटतात. आता साधारण 8 ते 12 आठवडे गोळ्या घ्यायच्या, आणि बहुतेकजण पूर्ण बरे होतात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. किडनी ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव असेल तर गोळ्या कधी सुरू करायच्या हे त्या टीमला आधी विचारा. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तीही सांगा, यातल्या काही गोळ्यांत असलेल्या वेल्पाटासवीर या औषधाचं शोषण तिने घटतं.

बरं झाल्यावरही अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहते. नवं सेंटर तेवढ्यावरून अडवत असेल, तर आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट दाखवा.