इंदूरमध्ये दोघांनी खायला कसे निघावे

सकाळच्या फेरीसाठी छप्पन दुकान ही खाऊगल्ली निवडावी. येथील पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात आणि त्यांवर शेव, कांदा व जिरावण (तिकडचा चटकदार मसाला) घालून ते जिलेबीबरोबर खातात; घरच्या खमंग फोडणीच्या पोह्यांशी त्यांची तुलना करीत बसू नये.

सराफ्यासाठी, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीसाठी, मात्र वेगळी रात्र राखावी. सराफांची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, त्यामुळे साडेनऊच्या आधी पोहोचण्यात अर्थ नाही. वाहन राजवाड्याच्या अलीकडेच ठेवून पायी जावे. संध्याकाळचे जेवण टाळावे आणि प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट दोघांत घ्यावी, कारण तुपात परतून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस पोट लवकर भरतो. हिवाळा असल्यास तळलेला, लिंबू व जिरावण लावलेला गराडू हा कंद सर्वांत आधी मागावा, तोही कढईतून नुकताच काढलेला, कारण थंड झालेला गराडू खाण्यात मजा नाही. शिकंजी येथे सरबत नसून सुकामेवा घातलेले दाट, गोड दुधाचे पेय आहे, म्हणून ती शेवटी घ्यावी. शनिवार-रविवारी गर्दी असह्य होते. शक्यतो मंगळवार-बुधवार बरा.