जर्मनीत शिकायला गेल्यावर: पहिल्या काही आठवड्यांत कोणतं काम आधी करायचं

खोलीची किल्ली हातात आली की बॅगा उघडण्याआधी खाली जा आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. साधा कागद आणि चिकटपट्टी पुरते. जर्मनीत पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. आणि तिथे सगळं पत्रानेच येतं: बँकेचा पिन, करक्रमांक, आरोग्यविम्याचं कार्ड, परदेशी नागरिक कार्यालयाचं बोलावणं. मी हे काम दहा दिवस टाळलं. बँकेचं कार्ड आलं होतं, त्याचा पिन मात्र ‘या पत्त्यावर ही व्यक्ती नाही’ म्हणून परत गेला, आणि पुढचे तीन आठवडे मी पाकिटातली रोकड मोजत काढले. दुसऱ्याच्या घरात एखादी खोली घेऊन राहणार असाल, तर पत्त्यात ‘बाय’ (जर्मन bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून पुढे त्या घरमालकाचं नाव टाकायचं. पेटीवर नाव लिहिताना स्पेलिंग पासपोर्टातलंच ठेवा.

पत्त्याची नोंदणी

याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरिक कार्यालयात ती करावी लागते. पासपोर्ट आणि भरलेला फॉर्म लागतोच, पण लोक अडतात ते तिसऱ्या कागदावर. त्याचं नाव वोनुंग्स-गेबर-बेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असलं तरी कागद एका पानाचाच: ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते’ असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र. भाडेकरार दाखवून भागत नाही. किल्ली घेतानाच हे पत्र मागून घ्या, नंतर घरमालक सापडत नाही.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून निघण्याआधीच ऑनलाइन बुक करून टाका. उशिराची तारीख मिळाली तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, आणि सकाळी कार्यालय उघडायच्या सुमाराला साइट पुन्हा बघा, कारण कुणीतरी रद्द केलेली वेळ मिळून जाते. फॉर्ममध्ये धर्माचाही रकाना असतो. तिथे कर घेणाऱ्या एखाद्या चर्चचं सदस्यत्व लिहिलंत, की पुढे नोकरी लागल्यावर प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के इतका चर्च-कर पगारातून कापला जातो. बाहेर पडताना नोंदणीचा दाखला हातात आहे ना, हे पाहा. पुढे बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा तोच मागतात.

‘खोली आहे, पण इथे आनमेल्डुंग करता येणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर ती खोली फार तर आठवडाभराच्या मुक्कामापुरती धरा. भाड्याचे आकडे दोन असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे खर्च धरून, त्यामुळे तुलना नेहमी वार्ममीटेची करावी. अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त मागायला कायद्याने मनाई आहे. घर न दाखवता आधी पैसे पाठवायला सांगणारा बहुधा फसवणाराच असतो.

विमा, पैसे, व्हिसा

आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवलं जात नाही. 30 वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी व्यवस्थेतला विमा सवलतीच्या दरात मिळतो आणि विमा कंपनी त्याची खबर थेट विद्यापीठाला ऑनलाइन देते. खासगी विम्याचा हप्ता कमी दिसतो म्हणून घाई करू नका. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली, की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही.

श्पेरकॉन्टो, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल असं गोठवलेलं खातं, बहुतेकांनी व्हिसासाठी उघडलेलं असतं. 2024च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. मात्र ते पैसे हातात येण्याआधी बहुधा रोजच्या वापराचं एक खातं उघडावं लागतं, आणि अनामत, पहिलं भाडं, सेमिस्टरची फी हे सगळं येतं नेमकं त्याच महिन्यात. म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय वेगळी ठेवा.

व्हिसा साधारण तीन ते सहा महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाकडे, निवास परवान्याचा अर्ज गेलेला असला पाहिजे. निकाल लांबला तर मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग नावाचं तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारावर देशात परत येता येतंच असं नाही. आपल्या कागदावर कोणत्या चौकटीत खूण आहे, हे कार्यालयाला विचारल्याशिवाय सुट्टीचं विमानाचं तिकीट काढू नका.

वर्ग आणि परीक्षा

विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर. वेळापत्रकात ‘10 सी.टी.’ दिसलं तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘10 एस.टी.’ असेल तर ठोक्याला दहा. ही पंधरा मिनिटांची सूट जुनी विद्यापीठी रीत आहे. दुसऱ्या कुठल्याही भेटीत ती चालत नाही, अधिकाऱ्याकडे पाच मिनिटं उशीर म्हणजे उशीरच. पहिल्या व्याख्यानाच्या शेवटी सगळा वर्ग अचानक बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करू लागेल. दचकू नका, ती टाळ्यांची जागा आहे. तुम्हीही वाजवा.

खरी गोची परीक्षेची आहे. बऱ्याच व्याख्यानांना हजेरी नसते, घरचा अभ्यास कुणी तपासत नाही, चार महिने अगदी मोकळं मोकळं वाटतं. शेवटी एकच पेपर, आणि सगळे गुण त्याच्यावर. त्या पेपरलाही नाव वेगळं नोंदवावं लागतं. वर्गात नियमित बसणं म्हणजे परीक्षेला नाव देणं नव्हे. पोर्टलवर नोंदणीची मुदत पेपरच्या कितीतरी आधी संपते, आणि नाव मागे घ्यायचीही वेगळी तारीख असते. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही तारखा फोनमध्ये टाका. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली एकदा नीट वाचा, भाषांतराचं अ‍ॅप वापरून का होईना. एखाद्या विषयाला किती वेळा बसता येतं, ते तिथे असतं. अनिवार्य पेपरचे सगळे प्रयत्न संपले, की तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. गुणांची शिडी उलटी: 1.0 सर्वांत चांगला, 4.0 काठावर पास, 5.0 नापास.

मदत लागली तर आधी फाखशाफ्टकडे जा. ही विभागातल्या विद्यार्थ्यांची संघटना. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, आणि कोणत्या प्राध्यापकांना ईमेल लिहिलेला आवडतो, कोणाला कचेरीच्या वेळात भेटलेलं, हेही तेच सांगतात. प्राध्यापकांशी ‘झी’, वर्गमित्रांशी ‘डू’. मराठीत तुम्ही-तू सांभाळायची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये.

कामाचं म्हणाल तर परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. हा नियम मार्च 2024पासूनचा. विद्यापीठातल्याच साहाय्यकाच्या कामाचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून मी तरी पहिला अर्ज तिथेच करेन. फ्रीलान्स कामाला मात्र वेगळी परवानगी लागते.

घरात

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, रविवारी दिवसभर. रविवारी काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकल्यात तर शेजारी बोलणारच. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे डबे टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातले की प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामत परत घेताना वाद होतो.

पत्ता नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी महिना 18.36 युरो भरावे लागतात, पण घरामागे एकदाच. सोबतचा कुणी आधीच भरत असेल तर त्याचा या शुल्काचा खातेक्रमांक कळवला की झालं. जाहिरात समजून ते पत्र कचऱ्यात टाकणारे नंतर थकबाकीसकट भरतात.

डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. नोव्हेंबरपासूनच मन उदास व्हायला लागतं, आणि दोष अभ्यासाचा की अंधाराचा हे कळत नाही. विद्यापीठाच्या खेळवर्गांना नाव द्या. नोंदणी उघडताच लोकप्रिय वर्ग भरून जातात, तेव्हा घड्याळ लावून बसा. श्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्था, तिच्या समुपदेशकाकडे जायला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. झोप आणि जेवण बिघडलं की वेळ घ्या, सत्र संपायची वाट पाहू नका. डॉक्टरांचे दवाखाने बंद असताना बरं नसेल तर 116117, जिवावर बेतलं तर 112.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, ऐन परीक्षांच्या तयारीत, रुकमेल्डुंगची मुदत येते. पुढच्या सत्राची फी भरून आपण अजून इथेच शिकतोय हे विद्यापीठाला कळवण्याचा हा प्रकार. चुकली तर नाव कमी होऊ शकतं आणि निवास परवानाही अडचणीत येतो. पैसे बँकेतून पोचायला दोन-तीन दिवस जातात, तेव्हा शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीच भरून टाका, आणि भरणा करताना विद्यापीठाने दिलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहा.