लग्नासाठीचे कर्ज बँकेने नाकारल्यास काय करावे

नकार हाती पडला त्याच दिवशी दुसऱ्या बँकेत अर्ज करू नये. बऱ्याच ठिकाणी कर्जाचा प्रत्येक अर्ज पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालात, चौकशी म्हणून नोंदला जातो, आणि अल्पावधीत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढची बँक अधिकच सावध होते. आधी नकाराचे कारण लेखी मागावे. ‘निकषांत बसत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये. उत्पन्न, चालू हप्ते, नोकरीचा कालावधी आणि पतअहवाल यांपैकी नेमका कोणता निकष आडवा आला, हे विचारून घ्यावे.

लग्नाचे कर्ज बहुधा विनातारण वैयक्तिक कर्ज असते. घराचे कर्ज थकले तर घर विकून वसुली करता येते, लग्नावर झालेल्या खर्चातून मात्र विकण्याजोगे काही उरत नाही. म्हणून बँक अर्जदाराची परतफेडीची ताकद तेवढी पाहते, आणि समारंभ किती जिव्हाळ्याचा आहे हे अर्जात कितीही रंगवून लिहिले तरी तिच्या हिशेबात फरक पडत नाही. तो हिशेब घरीही करता येतो. पगाराचे १०० भाग धरले आणि ३५ भाग आधीच्या हप्त्यांत जात असले, तर २० भागांचा नवा हप्ता जोडताच ५५ भाग कर्जात जातात, आणि इतका भार बहुतेक बँकांना जड वाटतो. येथे रक्कम कमी करावी किंवा एखादे लहान कर्ज आधी फेडून टाकावे. मुदत वाढवूनही हप्ता उतरतो, पण एकूण व्याज वाढते.

पतअहवाल ओळीओळीने वाचावा. फेडलेले कर्ज ‘चालू’ दिसणे, वापरात नसलेल्या क्रेडिट कार्डावर किरकोळ शुल्क थकलेले असणे, मित्राला जामीन राहिल्याचे स्वतःच विसरून जाणे, असे प्रकार सर्रास आढळतात. नोंद चुकीची असल्यास कर्ज फेडल्याचा दाखला जोडून लेखी तक्रार करावी, आणि दुरुस्ती अहवालात उमटल्यावरच पुन्हा अर्ज करावा. थकबाकी खरी असेल, तर ती भरण्यावाचून उपाय नाही.

उत्पन्न अपुरे ठरले असल्यास कमावत्या जोडीदाराला सहअर्जदार करता येते, किंवा ठेव अथवा सोने तारण ठेवून कर्ज घेता येते. नातेवाइकाला जामीनदार होण्याची गळ घालण्यापूर्वी हप्ता चुकल्यास वसुली त्याच्याकडूनही होऊ शकते, हे त्याला स्पष्ट सांगावे. ही गोष्ट संकोचापोटी बहुतेक जण टाळतात.

खासगी सावकाराचा ‘१२ टक्के’ दर ऐकून हुरळून जाऊ नये. व्याज घटत्या शिल्लकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, न आकारता मूळ रकमेवर तीन वर्षे सरसकट आकारले, तर तोच दर प्रत्यक्षात सुमारे २१ टक्क्यांना पडतो. आणि कर्ज हमखास मंजूर करून देतो म्हणत स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर आगाऊ शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.