विंडोजचं सेटिंग्ज उघडताच बंद पडतंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

सेटिंग्जवर क्लिक केलं, क्षणभर निळी-पांढरी विंडो दिसली आणि गायब, हा प्रकार विंडोज १० आणि ११ दोन्हीत होतो, आणि दुकानात नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "फॉरमॅट मारावं लागेल". थांबा जरा.

आधी रिस्टार्ट करा, शटडाउन नाही! फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करून परत चालू केलं तरी विंडोजचा आतला भाग जुन्याच अवस्थेत उठतो, रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं.

मग बघा, अख्खं सेटिंग्ज पडतंय की एखादंच पान? कीबोर्डवरची विंडोज की आणि आर एकत्र दाबून एमएस-सेटिंग्ज:साउंड असं इंग्रजीत टाका. साउंड उघडलं पण डिस्प्ले उघडताना पडतंय, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर रोल बॅक करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या, ते बटण फिकं असेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

सगळंच पडत असेल तर ॲप रिसेट करायचं, पण गंमत अशी की रिसेटचं बटण सेटिंग्जमध्येच असतं 😄 म्हणून स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा आणि हे इंग्रजीत टाइप करा (ही कमांड विंडोज ११ मध्ये चालते, विंडोज १० ने ती ओळखली नाही तर पुढच्या पायरीवर जा): गेट-ॲपएक्सपॅकेज, स्पेस, विंडोज.इमर्सिव्हकंट्रोलपॅनेल, स्पेस, उभी रेघ, स्पेस, रिसेट-ॲपएक्सपॅकेज.

तरी नाही झालं तर विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम फाइल्स दुरुस्त करायच्या, त्यासाठी डीआयएसएम आणि एसएफसी ही विंडोजमधलीच दोन साधनं आहेत. त्याच खिडकीत आधी डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. मध्येच टक्के अडकल्यासारखे वाटतात, बंद करू नका, चहा घेऊन या. ते संपलं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. हा क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स उचलतं तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं.

यानंतरही तेच, तर नेट, स्पेस, यूझर, स्पेस, टेस्ट, स्पेस, स्लॅश ॲड असं टाकून नवा यूझर बनवा आणि त्यातून लॉगिन करा. तिथे सेटिंग्ज नीट चाललं म्हणजे विंडोज ठीक आहे, बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या यूझर खात्याच्या फाइल्समध्ये आहे.

आणि हे सगळं एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स.