एका फोल्डरची परवानगी

माझ्या नोकरीचा पहिलाच आंबा सीझन. देवगडजवळच्या एका पॅकिंग शेडवर नव्या पीसीत बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकत होतो आणि इन्स्टॉलर दर वेळी २५०३ एरर दाखवून थांबत होता. बागायतदार काका पेट्यांवर नंबर घालता घालता विचारत होते, "झिला, वाशीची गाडी रातीक सुटतली. बिलां कधी होतली?"

घाईत मी अख्ख्या सी ड्राइव्हला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’, म्हणजे कुणालाही काहीही करायची परवानगी देऊन टाकली. सॉफ्टवेअर बसलं, गाडीही सुटली. पण या कामात नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, असं कधीही करू नका. मग त्या पीसीवर कुणाच्याही लॉगिनमधून चाललेला कुठलाही प्रोग्राम, अगदी व्हायरससुद्धा, हवं तिथे लिहू शकतो. शिवाय मूळ परवानग्या काय होत्या, याचा मागमूस उरत नाही. सीझन संपल्यावर मी स्वतः जाऊन तिथली विंडोज पुन्हा टाकली.

२५०३ चं मूळ बहुतेकदा एकाच जागी असतं: विंडोज फोल्डरमधल्या टेम्प या तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरची बिघडलेली परवानगी. तेवढीच दुरुस्त करायची. वेळच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिथून इन्स्टॉलर चालवायचा. एमएसआय प्रकारच्या इन्स्टॉलर फाइलवर राइट क्लिक केलं तर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसतच नाही, म्हणून हा वळसा.

याहून अवघड प्रकार मालवणच्या एका बर्फ कारखान्यात पाहिला. तिथे एररच नव्हती. कारकून दिवसभर बिलं करायचा, संध्याकाळी मालक स्वतःच्या लॉगिनने बघायचे तर एकही बिल नाही. बिचाऱ्या पोरावर संशय आला होता.

सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं. डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच ठेवणारं. साध्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवते. मालक प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडत, त्यामुळे त्यांना मूळ फाइल दिसायची. पोराची सगळी बिलं त्याच्या खात्याच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये जशीच्या तशी होती. ती मालकांना दाखवली तेव्हा त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आधी दोन्हीकडच्या डेटाची कॉपी काढली. मग डेटा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवला, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता दिला आणि कारकुनाच्या खात्याला त्या एकाच फोल्डरवर ‘मॉडिफाय’, म्हणजे फाइल्स बदलायची परवानगी दिली. पोराची बिलं आम्ही दोघांनी बसून नव्या फाइलमध्ये चढवली.

तेव्हापासून काम झालं की मी ॲडमिनच्या लॉगिनवरून उठतो. रोज काम करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये त्यालाच एक बिल करायला लावतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि तेच बिल मालकांच्या लॉगिनमधून उघडून बघतो. ते दिसल्यावरच बॅग भरतो.